पश्चिमेच्या खिडक्या

देवरे बाईंना मी कधी खुर्चीत बसलेलं पाहिलं नाही. खुर्ची होती. मुख्याध्यापकांची, म्हणजे त्यांचीच, कपाटाशेजारी ठेवलेली, एका पायाखाली विटेचा तुकडा लावलेली. तिच्यावर बाईंची पर्स बसायची. बाई उभ्याने चहा प्यायच्या, उभ्याने डबा खायच्या. वरून साहेब तपासणीला आले तरी बाई उभ्याच, मग साहेबांनाही बसवत नसे. ते बिचारे पाच मिनिटं बसायचे, बाईंच्या येरझाऱ्या बघायचे आणि उठून उभे राहायचे. तपासणी लवकर उरकायची.

मी त्याच शाळेत खिचडी शिजवते. तिथेच चौथीपर्यंत शिकले. आमचं गाव घोटीपासून आत, भाताच्या खाचरांमध्ये. पावसाळ्यात चार महिने आभाळ खालीच उतरलेलं असतं. बाई नाशिकहून, गंगापूर रोडकडून रोज स्कूटीवर यायच्या. पावसात पायांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून, अंबाड्यात पेन खोचून. कधी दोन दोन पेनं असायची आणि तरी बाई मला विचारायच्या, "हिराताई, माझं पेन दिसलं का?" मी नुसतं त्यांच्या डोक्याकडे बघायची.

चहा त्यांनी कधी पुरता प्यायला नाही. अर्धा कप खिडकीच्या कट्ट्यावर राहायचा आणि दुपारी मी कप विसळायला घेतला की त्यात मुंग्या. "बसून काय होतंय?" हे त्यांचं ठरलेलं बोलणं. पोरगं पाढ्यात अडलं की "बसून काय होतंय? उठ, चालत चालत म्हण." मग सगळी पोरं पटांगणात फेऱ्या मारत सतराचा पाढा म्हणायची. माहेर सटाण्याकडचं असल्यामुळे राग आला की बाई तिकडचं बोलायच्या. "हाई काय शे?" म्हणजे हे काय आहे, असं कडाडल्या की पोरं आधी घाबरायची आणि मग तोंडावर हात धरून हसायची. बाईही मग हसून टाकायच्या.

त्यांच्या अगदी उलट होते भोये गुरुजी. पेठकडचे, वयाने मोठे, शांत. ते एकदा बसले की बसले. गुरुजी म्हणायचे, "बाई, बसा घडीभर. जमीन काय पळून नाही जात." बाई म्हणायच्या, "गुरुजी, तुम्ही बसा. दोघांच्या वाटचं बसा." असं त्यांचं रोजचं चालायचं. शाळेत आणखी शिक्षक होते, पण गावाच्या तोंडी ही दोनच नावं.

मग तो रोग आला आणि शाळेला कुलूप लागलं. खिचडी बंद झाली. पोरांच्या वाटचा तांदूळ घरी द्यायचा, असं ठरलं. अभ्यास मोबाईलवर. आमच्याकडे मोबाईलला रेंज फक्त टेकडीवरच्या कातळावर मिळते, आणि ज्याच्या घरी मोबाईल आहे त्याचा मोबाईल बापाबरोबर कामावर गेलेला. बाई महिनाभर कातळावर पोरांना गोळा करून बघत राहिल्या, मग एक दिवस त्यांनी तो नाद सोडला. गाडीवर काळा फळा बांधून त्या वाडीवाडीवर यायला लागल्या.

भात झोडून झाल्यावर खळी मोकळी झाली होती. खंडू आबांच्या खळ्यावर आमच्या वाडीची शाळा भरायची. खंडू आबा म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष, गावात त्यांचा शब्द चालतो. बाईंनी एक लांब बांबू आणला होता. दोन पोरांत बांबूएवढं अंतर. मी राखेने गोल काढून द्यायची, एका गोलात एक पोर. पण पोरं ती पोरंच. फळा दिसत नाही म्हणून एक सरके, राख वाऱ्याने उडाली म्हणून दुसरं सरके, आणि अर्ध्या तासात सगळी एकमेकांच्या मांडीवर. बाई बांबू घेऊन मधून फिरायच्या. एकदा आबांची गाय येऊन एका रिकाम्या गोलात बसली. बाई थांबल्या, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बघा रे. एवढी मोठी आहे, पण गोलाच्या बाहेर नाही गेली." आबा बांधावरून ओरडले, "तिचं बी नाव लावा हजेरीला!"

त्या पोरांत माझी वैशाली होती. तेव्हा सातवीत. खळ्यावरची शाळा आठवड्यातून दोनदाच. बाकीचे दिवस ती माझ्याबरोबर मजुरीला. हात चलाख, भाताची आवणी असो की कापणी, ती बायांच्या पुढे जायची. बाया कौतुक करायच्या, आणि त्या कौतुकाचीच मला भीती वाटायची. तिच्या वर्गातल्या दोघींच्या घरी त्या वर्षात पाहुणे येऊन गेले. एकीचं लग्न झालंसुद्धा, चार माणसांत, गाजावाजा न करता. शाळा अशीच बंद राहिली तर वैशालीही एक दिवस कुणाच्या तरी नजरेत भरणार, आणि आमचे हे नाही म्हणणार नाहीत, हे मला दिसत होतं. आणि शाळा उघडली तर घरात सासूबाई. त्यांना दम्याचा त्रास. पोरीने शाळेतून तो रोग घरी आणला तर त्या वाचायच्या नाहीत. म्हणजे शाळा उघडावी असंही वाटायचं, उघडू नये असंही. स्वयंपाक करताना, खुरपताना हेच डोक्यात. रात्री कूस बदलताना हेच.

पुढच्या उन्हाळ्यात रोग परत उसळला आणि भोये गुरुजी गेले. नाशिकला दवाखान्यात नेलं, ते आलेच नाहीत. गावातलं कुणी जाऊ शकलं नाही. आबांच्या घरी गुरुजी दर सोमवारी जेवायचे. गुरुजी गेल्याचं कळलं त्या दिवशी आबा ओट्यावरच बसून राहिले.

त्यानंतर बाई पहिल्यांदा शाळेत आल्या तेव्हा मी झाडायला गेले होते. बाईंनाही ताप येऊन गेला होता, गालफडं बसली होती. त्यांनी कुलूप काढलं, पर्स खुर्चीवर ठेवली आणि एक एक करून सगळ्या खिडक्या उघडायला लागल्या. काही गंजून बसल्या होत्या. बाईंनी वरवंट्याने ठोकून त्या उघडल्या. आमच्या शाळेच्या पश्चिमेच्या खिडक्या तर कुणी कधी उघडतच नाही. त्यासुद्धा उघडल्या. वाऱ्याने नकाशा भिंतीवर आपटायला लागला.

"बाई, धूळ येईल," मी म्हटलं.

"येऊ दे."

तेव्हापासून हे वेडच लागलं त्यांना. कुणाच्याही घरी गेल्या की आधी खिडकी. माझ्या घरी आल्या तेव्हा सासूबाई गोधडी घेऊन पडल्या होत्या. बाईंनी बोलता बोलता झरोक्यातलं पोतं काढून टाकलं. त्या गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आगं, मास्तरीण हाय का वारा हाय ती?" आणि पोतं परत कोंबलं.

पावसाळा लागला आणि वरून हुकूम आला की ज्या गावात महिनाभर कुणी आजारी नाही, तिथे ग्रामपंचायतीने ठराव केला तर आठवीचा वर्ग भरवता येईल. वैशाली आठवीत गेली होती. आमच्या गावात कुणी आजारी नव्हतं. राहिला ठराव.

बैठक शाळेतच भरली, आठवीच्या वर्गात. बाहेर पाऊस कोसळत होता, दार-खिडक्या लावून सगळे आत. सरपंच, आबा, पोरांचे आईबाप, दोन-तीन म्हाताऱ्या. तोंडाला बांधलेली फडकी हनुवटीवर आलेली. मी दाराशी उभी होते. पोरी आवणीला हाताशी आल्यात, आता महिनाभर शाळा नको, असं काहींचं म्हणणं. काहींना खरंच भीती. शेवटी आबा म्हणाले, "ठराव करू. पन एखादं पोर आजारी पडलं तं?"

"मी आहे ना," बाई म्हणाल्या.

"तुमी हाय म्हंजी काय? सांजच्याला तुमी नाशिकला, आन आमी हितं."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्या नेहमीसारख्या फळ्यापासून दारापर्यंत चालत होत्या, त्या थांबल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हिराताई, घमेल्यात विस्तव घ्या. वर दोन ओल्या गोवऱ्या टाका. आणि इथे घेऊन या."

मला वाटलं कुणाला थंडी वाजत असेल. मी घमेलं आणलं. बाईंनी ते वर्गाच्या मधोमध ठेवलं आणि दार लावून घेतलं. ओल्या गोवऱ्यांचा धूर कसा असतो ते आमच्या बायांना सांगायला नको. बघता बघता फळा दिसेना. माणसं खोकायला लागली, फडकी नाकावर गेली. सरपंच उठले.

"बसा," बाई म्हणाल्या. "कुणी उठायचं नाही."

"आवो बाई," कोपऱ्यातून एक म्हातारी ओरडली, "त्यो रोग ऱ्हायला बाजूला, तुमीच मारता का आमाला?"

"आजी, घमेलं एकच आहे ना? कोपऱ्यात तुमच्यापर्यंत धूर आला की नाही? एक पोर आजारी असलं तर असंच होतं. हा धूर दिसतो म्हणून तुम्ही खोकताय. तो दिसत नाही." मग बाईंनी दार उघडलं, पूर्वेच्या खिडक्या उघडल्या, पश्चिमेच्या उघडल्या. पावसाचा सपकारा आत आला आणि धूर दावं सोडलेल्या वासरासारखा समोरच्या दारातून बाहेर पळाला. फळा दिसायला लागला. कोपऱ्यातली म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "मंग तोंडानं सांगायचं व्हतं की."

ठराव झाला. सोमवारी वर्ग भरायचा.

पुढचे दिवस बाईंनी मला श्वास घेऊ दिला नाही. पाण्याचा कॅन दोरीने टांगून पायाने ओढायची फळी बांधली, म्हणजे नळाला हात लावायला नको. साबण जुन्या पायमोज्यात घालून खिळ्याला अडकवला. बसायला प्रत्येकाने घरून आपापलं पोतं आणायचं. पोतं वर्गात कुठे टाकायचं ते बांबूने मोजून चुन्याची खूण. जुन्या लुगड्यांचे तोंडाला बांधायचे पट्टे मी आणि वैशालीने शिवले. बाई एक काम सांगायच्या, ते होईपर्यंत स्वतः तीन करून यायच्या आणि विचारायच्या, "झालं का?"

रविवारी बाई आल्या नाहीत. त्या दिवशी आबा चार गडी घेऊन शाळेत आले.

आमच्या भागात पाऊस वरून पडतो त्यापेक्षा पश्चिमेकडून आडवा जास्त येतो. त्याला झड म्हणतात. आषाढाच्या आत प्रत्येक घराच्या पश्चिमेच्या भिंतीला कारवीच्या ताट्या किंवा ताडपत्री ठोकून घेतात. तसं नाही केलं तर घरात चूल पेटत नाही, अंथरूण वाळत नाही. गावाने एखाद्यासाठी काही करायचं ठरवलं तर पावसाच्या तोंडी त्याची पश्चिम झाकून देतात. म्हातारं-कोतारं असलं, विधवा बाई असली तर न सांगता. आबांनी शाळेसाठी तेच केलं. आठवीच्या वर्गाच्या पश्चिमेच्या चारही खिडक्यांवर नव्या ताट्या, वरून निळी ताडपत्री, बांबूच्या पट्ट्या घालून खिळ्यांनी घट्ट ठोकलेली. मी आत जमीन सारवत होते. काम इतकं नेटकं झालं होतं की बघत राहावं.

सोमवारी सकाळी पोरं कॅनपाशी हात धुवायला ओळीत उभी होती. झड जोरात होती. बाईंनी गाडी लावली, हेल्मेट काढलं आणि त्यांना ती ताडपत्री दिसली.

"हाई काय शे?"

या वेळी पोरं हसली नाहीत.

आबा पुढे आले. डोक्यावरचं इरलं बाजूला ठेवून हसत म्हणाले, "नवी ताडपत्री हाय, बाई. माझ्या खळ्यावरची. थेंब येनार नाय आत."

"काढा."

"आं?"

"काढा म्हणते ना. आबा, मी धूर दाखवला होता ना तुम्हाला?"

"दाखवला. पन त्यो धूर व्हता, ही झड हाय." आबांचं हसू गेलं. "बाई, तुमी नाशिकच्या. पोरगं दिवसभर वल्ल्या कापडात बसलं तं सांजच्याला तापनार. तापलं का गाव झड म्हनंल का? त्योच रोग म्हनंल. मंग शाळा बी गेली आन तुमी बी गेल्या. तुमच्यासाठी केलं मी ह्ये."

बाईंनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी कोपऱ्याशी ताडपत्रीत बोटं घातली आणि ओढली. खिळे निघाले, ताडपत्री फाटली. फाटल्याचा आवाज त्या पावसातही सगळ्यांनी ऐकला. आबांच्या तोंडाकडे मला बघवेना. गावात कुणी कुणाची झाकलेली भिंत अशी उघडी करत नाही.

"मंग ठराव बी फाडा," आबा म्हणाले. पोरांकडे वळून म्हणाले, "चला रं, घरला चला. आवणीला जावा."

पोरं हलली नाहीत, थांबलीही नाहीत, नुसती पाय बदलत राहिली. वैशाली पोतं काखेत धरून माझ्याकडे बघत होती. एक-दोन आयांनी आपल्या पोरींचे हात धरले. बाई ताडपत्रीचा तुकडा हातात घेऊन खिडकीशी उभ्या होत्या. तो वाऱ्याने फडफडत त्यांच्या तोंडावर येत होता आणि त्या तो बाजूलाही करत नव्हत्या. त्यांचे पाय हलत नव्हते. इतका वेळ एका जागी मी त्यांना त्या दिवशीच पाहिलं.

"गुरुजींच्या वेळी मीच लावली होती खिडकी," बाई म्हणाल्या. "चैत्रात आम्ही दोघं ऑफिसात पोरांच्या तांदळाच्या पिशव्या भरत होतो. धूळ येत होती म्हणून मी खिडकी लावली, दारही लोटलं. गुरुजी म्हणाले, बाई, आज तरी बसा. मी बसले, आबा. दिवसभर बसले त्यांच्या शेजारी. रात्री मला ताप आला, दोन दिवसांनी त्यांना. मी त्यातून उठले."

पाऊस पडतच होता. आबा दोन पावलं जवळ आले.

"गुरुजी म्हनले का, खिडकी उघडा म्हनून?"

"नाही. ते कुठे काही म्हणायचे."

"नाय," आबा म्हणाले. "जेवताना मीठ कमी आसलं तरी म्हनायचे नाय."

त्यांनी इरलं उचललं. मला वाटलं निघाले. पण ते भिंतीपाशी गेले, फाटलेला कोपरा वर धरून बघितला आणि गड्यांवर खेकसले, "काय बघता रं? म्हशीच्या गोठ्याला ताटी कशी लावता? भितीला चिटकून लावता का? गुदमारंल ना म्हस. काढा ह्ये सगळं. डांब रोवा हातभर लांब."

दुपारपर्यंत भिंतीपासून दूर बांबू उभे राहिले. वरून पडवीसारखी उतरती ताडपत्री आली, खाली मोकळी. झड ताडपत्रीवर आपटायची आणि वारा तिच्याखालून वळून खिडकीतून आत यायचा. तुषार यायचे थोडे. खिडकीलगतच्या ओळीत कुणाचं पोतं टाकायचं नाही, तिथे आपण स्वतः उभं राहू, असं बाईंनी सांगितलं. फाटलेल्या जागी आबांनी दुसरा तुकडा लावला नाही, ओवून शिवलं. तो टाका अजून दिसतो. वर्ग भरला तेव्हा पोरांच्या जेवायची वेळ झाली होती.

पण आबांचं म्हणणंही खोटं नव्हतं. आठवडाही झाला नसेल, वैशाली तापाने फणफणून घरी आली. खोकलाही होता. सासूबाई आतल्या खोलीत, ही बाहेर, मध्ये मी. शेजारणीने ऐकलं आणि तिचं दार लावलेलं मला कळलं. संध्याकाळपर्यंत वाडीत झालं होतं, रोग शाळेतून आला. आमचे हे म्हणाले, "उद्यापास्नं शाळा बंद करतील. बरं व्हईल."

सकाळी बाई थेट घरापाशी आल्या. कुणी कळवलं ते माहीत नाही. मला म्हणाल्या, "बसा गाडीवर. तिला मध्ये घ्या." आम्ही तिघी भर पावसात घोटीला गेलो. दवाखान्याच्या व्हरांड्यात वैशालीच्या नाकात काडी घातली आणि थांबा म्हणाले. वैशाली बाकावर माझ्या मांडीवर डोकं ठेवून. बाई व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यांच्या पायातल्या प्लास्टिकच्या पिशव्या चरचर वाजत होत्या. शिपाई म्हणाला, "मॅडम, बसा की." बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तोच उठून गेला.

माझ्याजवळून जाताना एकदा थांबून त्या म्हणाल्या, "हिराताई, तुम्ही मला काही बोला. शिव्या द्या."

 मी म्हटलं, "बाई, ती घरी राहिली असती तरी आवणीत भिजलीच असती."

मग नर्सने नाव पुकारलं. निगेटिव्ह. साधा ताप, भिजल्याचा. गोळ्या घ्या, कोरडी ठेवा.

बाहेर टपरी होती. बाईंनी दोन चहा सांगितले. मी वैशालीला बिस्किट भरवत होते. मान वर केली तेव्हा बाईंचा कप रिकामा होता, तळाचा गाळसुद्धा नाही. त्यांनी माझा घेतला, न विचारता, आणि तोही पिऊन टाकला. "आबांना जाऊन सांगते," म्हणाल्या, "त्यांचं बरोबर होतं. उद्यापासून पोरांनी एक कोरडा कपडा जास्तीचा आणायचा."

शाळा बंद झाली नाही. वैशालीची गोष्ट गावभर झाली आणि तिचा उलटाच उपयोग झाला. तापलेलं पोर दुसऱ्या दिवशी तपासून आणतात, लपवत नाहीत, हे लोकांनी पाहिलं. घरी बसलेल्या दोघी-तिघी परत आल्या. लग्न झालेली मात्र आली नाही. बाई तिच्या सासरी जाऊन आल्या, काय झालं ते कुणाला सांगितलं नाही. त्या दिवशी त्यांनी पोरांना पाढे म्हणायला लावत पटांगणात इतक्या फेऱ्या मारल्या की पोरं दमून खाली बसली आणि बाई एकट्याच चालत राहिल्या.

पुढे बाईंची बदली झाली, माहेरच्या बाजूला. निरोपाच्या दिवशी आबा भाषण करायला उभे राहिले आणि बोलता बोलता अडकले. बाईंनी नारळ घेतला, शाल घेतली आणि "बसून काय होतंय" म्हणत गाडी चालू केली. आम्ही फाटकापर्यंत पोहोचेपर्यंत त्या वळणापलीकडे गेल्याही होत्या. खुर्चीवर आता नवे सर बसतात. विटेचा तुकडा त्यांनी काढून नीट पाय बसवून घेतला.

वैशाली आता घोटीला बारावीत आहे. गेल्या आषाढात तिची वही घरी राहिली म्हणून मी द्यायला गेले होते. एसटी स्टँडच्या आडोशाला उभी होते. पाऊस आडवा होता. नाशिकची गाडी स्टँडातून मागे येत होती, सगळ्या काचा बंद, आतून वाफ धरलेली, माणसं नुसती धुरकट दिसत होती. मधली एकच काच पूर्ण उघडी. मागच्या सीटवरचा माणूस ओरडत होता, "आवो, काच लावा, आमी भिजतोय इकडं!" कंडक्टरही काहीतरी सांगत होता. खिडकीतली बाई अर्धी उभी होती, दांड्याला धरून. पदर भिजून खांद्याला चिकटलेला. अंबाड्यात दोन पेनं.

मी हाक मारणार होते. तोंडातून आवाज निघेपर्यंत गाडी वळली. त्यांनी मला पाहिलं नाही, त्या मागे वळून त्या माणसाला काहीतरी समजावत होत्या, हात हलवत. बहुतेक धुराचं सांगत असतील.

गाडी रस्त्याला लागली. लांबवर गेली तरी ती काच मला उघडीच दिसत होती.